आपलं लेकरू दुसऱ्याच्या हाती देताना



आज आम्ही पाच जणी इथं स्टुडिओत बसलोय. एरवी आमचा गट रेडिओवर येतो तो बचतीचं, शेळ्यांचं, नाहीतर पापड-शेवयांचं सांगायला. आजचा विषय तसा नाही. गेली दोन वर्षं आमच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या, की शेवटी एकच बोलणं निघतं. ते आज तुमच्यापुढं ठेवायचं ठरवलंय. ज्यांच्या घरची ही गोष्ट आहे त्या वहिनीही आमच्यात बसल्यात. त्यांनीच सांगितलं, "माझं नाव नका घेऊ, पण सगळं सांगा. चुकलो तेही सांगा." आम्ही लिहून आणलंय. मधेच एखादीचा गळा दाटला तर दुसरीनं पुढचं वाचायचं, असं ठरलंय.

वहिनींना एकच मुलगा. आता सव्वीस वर्षांचा आहे. उंचापुरा, देखणा. बोलतो ते मोजके दहा-बारा शब्द. कुणी पाहुणा आला तर नजरेला नजर देत नाही. मिक्सरचा आवाज, वरातीतला डीजे त्याला सोसत नाही, दोन्ही कान दाबून कोपऱ्यात बसतो. पण मक्याची कणसं सोलायला बसला की पोतं संपवूनच उठतो. सोललेली कणसं एका ओळीत लावतो, सगळ्यांची टोकं एकाच बाजूला. त्याला स्वमग्नता आहे. बुद्धीची वाढही वयाप्रमाणं झालेली नाही. शिवाय लहानपणापासून फिट येते, त्याची गोळी रोज सकाळ-संध्याकाळ चालू आहे. गावात त्याला वेडा म्हणायचे. आम्हीही म्हणायचो, खोटं कशाला बोला.

इथं एक गोष्ट आधी सांगायला हवी. स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता म्हणजे वेड नव्हे. मनाचा आजार कुणालाही, कधीही होऊ शकतो आणि औषधानं पुष्कळदा बराही होतो. स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता या जन्मापासूनच्या किंवा अगदी लहानपणापासूनच्या असतात. गोळ्यांनी त्या जात नाहीत, आणि देवऋषी, उतारे, अंगारे यांनी तर नाहीच नाही. शिकवून, सवयी लावून, आजूबाजूची माणसं समजून वागली तर असा माणूस पुष्कळ गोष्टी करू शकतो. आईच्या वागण्यामुळं किंवा कुणाच्या पापामुळं हे होत नाही. वहिनींनी वीस वर्षं सासरचे टोमणे ऐकलेत, म्हणून हे आम्ही मोठ्यानं सांगतोय.

दोन वर्षांपूर्वी वहिनींचं पोटाचं ऑपरेशन निघालं. नवरा आधीच गेलेला. बारा दिवस त्या दवाखान्यात होत्या, आणि ते बारा दिवस आम्ही पाळीपाळीनं त्यांच्या घरी राहिलो. बारा दिवसांत आम्हाला कळलं की ही बाई वीस-बावीस वर्षं रात्रीची सलग झोपलेली नाही. तो पहाटे तीनला उठतो, अंगणात फेऱ्या मारतो. तुम्ही दार लावलं तर हात चावून घेतो. पाठीमागून हात लावला तर दचकतो, ढकलतो. भात आणि आमटी एकमेकांत मिसळलेली चालत नाही. हे सगळं वहिनींच्या डोक्यात होतं. कुठं लिहिलेलं नव्हतं.

ऑपरेशननंतर भावकीनं एकच लावून धरलं, "कुठंतरी ठेवून टाका आता." वहिनी रडल्या. मग एके दिवशी त्याच आमच्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "मला काही झालं तर? आता माझ्या हातानं बघून ठेवलं तर निदान मला कळेल तरी, कुठं आहे, कसा आहे." आमच्यातल्या ज्या बायकांच्या घरी असं मूल आहे त्यांना हा प्रश्न सांगायला नको. आपण मेल्यावर याचं काय, हा विचार त्या रोज उशाला घेऊन झोपतात.

मग आम्ही शोधाशोध केली. एका ओळखीच्या माणसानं जिल्ह्याबाहेरची एक निवासी संस्था सांगितली. आम्ही तिघी वहिनींबरोबर गेलो. फरशी चकाचक. ऑफिसात पुढाऱ्यांबरोबरचे फोटो, सत्काराच्या ढाली. साहेबांनी चहा पाजला, गोड बोलले. मुलं कुठं आहेत विचारलं तर म्हणाले, "आत्ता विश्रांतीची वेळ आहे." आम्हाला ते बरोबर वाटलं. महिन्याचे पैसे ठरले, कागदावर सही झाली. निघताना त्यांनी सांगितलं, "दोन महिने भेटायला येऊ नका. आई दिसली की मुलं रुळत नाहीत." तेही आम्हाला बरोबर वाटलं. शाळेत घातलेलं मूल रडतं, मग रुळतं, तसंच हे असेल असं आम्ही वहिनींना समजावलं.

सातव्या आठवड्यात वहिनींना राहवेना. आम्ही न कळवता गेलो. तासभर बाहेर बसवलं. मग त्याला आणलं. डोक्याचा गोटा केलेला. अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी शर्ट. चालताना झोकांड्या जात होत्या, तोंडातून लाळ. पायाच्या अंगठ्याला जखम, ती चिघळलेली. मनगटावर करकोच्यासारखा वण. विचारलं तर उत्तर आलं, "रात्री उठून फिरतो, दुसऱ्यांना झोपू देत नाही. हात चावतो, मारायला धावतो. म्हणून गोळी सुरू केली." कोणत्या डॉक्टरनं दिली? कागद दाखवा. कागद नव्हता. फिटच्या गोळ्या वेळेवर देता का? तेही कुणाला नक्की सांगता येईना. त्यानं आईकडं बघितलं नाही. पण तिच्या पिशवीचा बंद हातात धरला तो सोडला नाही, एसटीत बसेपर्यंत.

त्याच दिवशी आम्ही त्याला घरी आणलं. आल्यावर सरकारी दवाखान्यात दाखवलं, जखमेची आणि वणाची नोंद करून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार दिली. त्या तक्रारीची चौकशी सुरू आहे, म्हणून त्या संस्थेबद्दल जास्त बोलत नाही. आम्हाला बोलायचंय ते आमच्याबद्दल.

आम्ही म्हैस घ्यायला बाजारात गेलो तर तिचे दात बघतो, सड बघतो, चार पावलं चालवून बघतो, दूध काढून बघतो. आणि बोलता न येणारं माणूस दुसऱ्याच्या हाती देताना आम्ही ऑफिसातली फरशी बघून आलो. आत गेलो नाही. संडास बघितला नाही. रात्री किती माणसं कामावर असतात ते विचारलं नाही. तिथं राहणाऱ्या एकालाही भेटलो नाही. "दोन महिने येऊ नका" म्हटल्यावर का, असं विचारलं नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तसं झालं आमचं. जागा मिळतेय यातच आम्ही उपकार मानले.

दुसरी चूक त्याहून मोठी. तो हात चावतो ते पोट दुखत असलं की, हे वहिनींना माहीत होतं. त्याला शौचाला साफ होत नाही, दोन दिवस गेले की तो अस्वस्थ होतो. एक केळं, कोमट पाणी, कधी इसबगोल, की शांत. संस्थेला हे कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं तो हिंसक आहे. मग झोपेची गोळी. गोळीनं आणखी सुस्ती, मग पोट आणखी गच्च, मग आणखी चावणं, मग आणखी गोळी. ज्याला बोलता येत नाही त्याचं वागणं हीच त्याची भाषा असते. दात दुखतोय, कान ठणकतोय, कुणी मारतंय, ट्यूबलाइटचा आवाज सोसत नाही, हे सगळं तो हातपाय आपटूनच सांगणार. बोलणं समजून घ्यायचं सोडून त्याला गुंगीत ठेवलं, तर दुखणं तसंच राहतं, फक्त आपल्याला ऐकू येईनासं होतं.

मैत्रिणींनो, हे आमच्या एकटीच्याच वाट्याला आलं असं नाही. तुमच्यातल्या वयानं मोठ्या असलेल्यांना आठवत असेल, १९९४ साली पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या सरकारी रुग्णालयात काढली गेली. कारण काय सांगितलं? पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही. महिला संघटनांनी त्यावर मोठा आवाज उठवला. पाळीची काळजी घ्यायला बाई नेमायची, मुलीला कपडा बदलायला शिकवायचं, हे सोडून तिचं गर्भाशयच काढायचं. पुढं २०१० साली ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातल्या एका बालगृहात मतिमंद मुलं कुपोषणानं दगावल्याच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून त्याची दखल घेतली, समिती नेमली, आणि राज्यभरातल्या अशा बालगृहांच्या स्थितीचा प्रश्न न्यायालयापुढं आला.

कुणी म्हणेल, आपल्याकडं पैसा नाही म्हणून असं होतं. मग हे ऐका. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहराजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं एक खाजगी रुग्णालय होतं, स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांसाठी. एका माणसाच्या देखभालीचे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड तिथं मोजले जात. २०११ साली बीबीसीच्या वार्ताहरानं तिथं कर्मचारी म्हणून नोकरी धरली आणि लपवलेल्या कॅमेऱ्यानं चित्रण केलं. कर्मचारी रुग्णांना मारत होते, जमिनीवर दाबून धरत होते, छळत होते. अकरा जणांनी गुन्हा कबूल केला, त्यातले सहा तुरुंगात गेले. आणि तिथं आधी काम केलेल्या एका परिचारकानं याची तक्रार केली होती, तिकडं कुणी लक्षच दिलं नव्हतं. म्हणजे पैसा लागतोच, पण नुसत्या पैशानं भागत नाही. जिथं बाहेरचं माणूस आत येत नाही, आतलं माणूस बोलू शकत नाही आणि तक्रार करणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, तिथं हे होतं. इंग्लंड असो की आपला तालुका.

मग कायदा काय म्हणतो? आम्ही हे तालुक्याच्या विधी सेवा समितीतल्या वकीलबाईंकडून समजून घेतलं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता त्यात येतात. आमच्या कामाच्या गोष्टी तेवढ्या सांगतो.

एक. दिव्यांग व्यक्तींसाठीची संस्था चालवायची तर नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं. ते बघायला मागणं हा अपमान नव्हे. त्यावरची मुदत संपलेली नाही ना, तेही बघायचं.

दोन. छळ, मारहाण, पिळवणूक होत असेल तर कुणालाही तक्रार करता येते, नातेवाईकच हवा असं नाही. तक्रार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडं करायची. आपले तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारीही असतात, म्हणजे फार लांब जायला नको. पोलिसांकडं जायचा मार्ग तर आहेच. अठराच्या आतलं मूल असेल तर १०९८ हा नंबर आणि जिल्ह्याची बालकल्याण समिती.

तीन. ज्याच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे त्यानं जाणूनबुजून तिला अन्न किंवा पाणी दिलं नाही, तर तो गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

चार. मूल होणं कायमचं बंद होईल असा कोणताही वैद्यकीय उपचार दिव्यांग व्यक्तीवर तिच्या स्वतःच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. शिरूरच्या मुलींच्या वेळी हे कलम असायला हवं होतं.

आणि पाचवी गोष्ट आम्हाला सगळ्यात नवी होती. या माणसांना समाजात राहण्याचा हक्क आहे. अमुकच संस्थेत राहिलं पाहिजे अशी सक्ती त्यांच्यावर करता येत नाही. म्हणजे संस्था हा एक पर्याय झाला. गावातून काढून टाकायची ती जागा नव्हे.

हे सगळं कळल्यावर आम्ही दुसऱ्यांदा शोधायला निघालो. घाई केली नाही. आठ महिन्यांत चार ठिकाणं बघितली. प्रत्येक ठिकाणी दोनदा गेलो, एकदा कळवून आणि एकदा न कळवता. काय बघितलं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला उपयोगी पडेल.

पहिल्यांदा नाक. दारातून आत गेल्यावर मुताचा वास आहे का, की सगळीकडं फिनेलच फिनेल आहे? मग कान. कर्मचारी राहणाऱ्यांशी कसे बोलतात? नावानं हाक मारतात की "ए वेड्या" म्हणतात? एका ठिकाणी प्रार्थना फार सुरेख म्हणवून घेतली, पण उभं राहायला उशीर झालेल्या पोराला ज्या आवाजात दरडावलं, त्यावरून आम्ही उठून आलो.

मग जेवण. त्यांच्या पंगतीत त्यांच्याच ताटातलं जेवलो. दूध किती येतं, भाजी काय असते, ज्याला स्वतःच्या हातानं खाता येत नाही त्याला कोण भरवतं, घाईघाईनं कोंबतं की घासागणिक थांबतं, हे पंगतीत बसल्यावरच दिसतं. मग संडास-न्हाणी. कडी आतून आहे का, अंघोळ एकेकाची होते की सगळ्यांना रांगेत उघडं उभं करून पाणी ओततात? मुली असतील तर त्यांच्याकडं बाईमाणूसच आहे का, पाळीच्या दिवसांत काय करतात, नीट शिकवतात का? चांगल्या ठिकाणी भिंतीवर चित्रं लावलेली होती. पहिल्या चित्रात कपडा काढायचा, दुसऱ्यात गुंडाळून टाकायचा, तिसऱ्यात नवा घ्यायचा, चौथ्यात हात धुवायचे. तिथल्या ताईंनी सांगितलं, काहींना शिकायला वर्ष लागतं, पण शिकतात.

मग वस्तू. प्रत्येकाची वेगळी पेटी आहे का? स्वतःचे कपडे, स्वतःचा ब्रश, स्वतःचं पांघरूण? गठ्ठ्यातून मिळेल तो शर्ट चढवत असतील, तर तिथं माणसाला माणूस म्हणून ओळखत नाहीत असं आम्ही समजलो. मग औषधाची वही. कुणाला काय, किती वाजता, कुणी दिलं, कोणत्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरून. फिट आली तर त्याची नोंद. नवीन गोळी सुरू करायची तर घरच्यांना आधी कळवतात का?

मग रात्र. हे विसरू नका. दिवसा सगळीकडं माणसं दिसतात. रात्री किती जण जागे असतात ते विचारा. जे घडायला नको ते बहुतेक अशा वेळी घडतं जेव्हा बघणारं कुणी नसतं. आणि तिथं काम करणाऱ्या बायांशी बोला. पगार वेळेवर मिळतो का, सुट्टी मिळते का, कुणी शिकवलंय का. दोन-दोन पाळ्या सलग करणारी, पगार थकलेली बाई लेकराला हळुवार कुठून सांभाळणार? ती वाईट असते असं नाही, ती पिचलेली असते. आम्हीही मजुरी करतो, आम्हाला ते कळतं. शिकवायला विशेष शिक्षक असेल तर तो भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदलेला आहे का, हेही विचारता येतं.

आणि शेवटचं, दिवस कसा जातो? चाळीस माणसं भिंतीला टेकून टीव्हीपुढं बसलेली असतील, तर त्याला काळजी घेणं म्हणत नाहीत. त्याला सांभाळून ठेवणं म्हणतात. ते तर आपण सामानाचंही करतो.

चांगलं होऊ शकतं हेही आम्ही बघितलं आणि ऐकलं. मुळशी तालुक्यात कोळवण खोऱ्यात साधना व्हिलेज म्हणून संस्था आहे. तिथं मोठी झालेली मतिमंद माणसं एका मोठ्या हॉलमध्ये नाही, तर वेगवेगळ्या घरांत, घरासारखी राहतात, आणि आपापल्या परीनं काम करतात. डोंबिवलीजवळ खोणीला पालकांनीच एकत्र येऊन आपल्या मुलांसाठी घरकुल उभं केलंय. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर तर तुम्हाला माहीत असतील. टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना त्यांनी बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते वर्षानुवर्षं एकच मागणं मागत आलेत. अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृहाची मुदत संपते, पण बेवारस मतिमंद मूल अठराव्या वाढदिवसाला जायचं कुठं? त्यांना कायम राहू देणारा कायदा करा. हा प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे, कारण लहान मुलांसाठी थोड्याफार सोयी दिसतात, मोठ्या झालेल्यांसाठी फारच कमी. आणि हातापायानं धडधाकट पण समजेनं लहान अशी मोठी माणसं प्रत्येक गावात आहेत.

आता वहिनींच्या लेकाचं सांगतो. चौथं जे ठिकाण बघितलं ते लहान आहे. चौदा जण राहतात. इमारत साधी, पत्र्याची. पण आम्ही न कळवता गेलो तेव्हा ताईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या, आत्ताच भाजी निवडायला बसलोय." चौदातले नऊ जण मेथी निवडत होते. एक जण कोपऱ्यात एकटाच बसला होता. ताई म्हणाल्या, "त्याला आज माणसं नकोयत, बसू दे." हे ऐकलं आणि वहिनींनी आमच्याकडं बघितलं.

लगेच ठेवलं नाही. पहिल्यांदा वहिनी त्याला घेऊन दिवसभर गेल्या. मग दोघं रात्री राहिले. मग तो एकटा दोन रात्री. मग आठवडा. तीन महिन्यांत हळूहळू. आता तो महिन्यातले वीस दिवस तिथं आणि दहा दिवस घरी असतो. तिथं त्यानं कणसं सोलायचं काम धरलंय, आणि पहाटे तीनला उठला तर रात्रपाळीचे काका त्याच्याबरोबर व्हरांड्यात फेऱ्या मारतात. झोपेची गोळी लागत नाही. पैशाचं अवघड आहे, तेही सांगतो. पूर्ण खर्च वहिनींना झेपत नाही. थोडं त्या देतात, थोडं संस्था सोडते, थोडं आमच्या गटाच्या सामाजिक निधीतून जातं. कधी कधी एखादा महिना थकतो. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतून त्याचा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा काढला, त्यानं औषधपाण्याचा भार हलका झाला. तुमच्याकडं असं कुणी असेल तर दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड आधी काढून घ्या, त्याशिवाय पुढची दारं उघडत नाहीत.

अजून एक काम केलं. मूल अठराचं झालं की कायद्यानं आईबापही आपोआप पालक राहत नाहीत, हे आम्हाला माहीतच नव्हतं. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ प्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी तिच्याकडं पालकत्वाचा अर्ज करायचा. वहिनींनी तो केला. पालक म्हणून नेमलेल्या माणसाला त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी सहा महिन्यांत द्यावी लागते आणि दर वर्षी हिशेबही द्यावा लागतो. म्हणजे सातबारा आपल्या नावावर करून घ्यायला टपलेल्या भावकीला त्यानं आळा बसतो. वहिनींनी आपल्यानंतर पालक म्हणून कोण, यासाठी आपल्या भाचीशी बोलून ठेवलंय. भाची हो म्हणाली. नुसती हो म्हणाली नाही, ती आता महिन्यातून एकदा त्याच्याकडं जाते, कारण ओळख असल्याशिवाय पालक कसली?

आणि वही. पहिल्या वेळी नव्हती ती वही आता आहे. शंभर पानी, साधी. आम्ही पाच जणींनी वहिनींना विचारून विचारून लिहिली. पाठीमागून हात लावू नये. भात-आमटी वेगळी वाढावी. हात चावला तर आधी पोट बघावं. "आक्का" म्हणाला तर पाणी हवंय, आक्का नावाची कुणी नाही. फिट आली तर कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखाना. जोडा काढून पाय रोज बघावा, कारण लागलं तरी तो सांगत नाही. काय आवडतं: कणसं, एसटीच्या खिडकीची जागा, गुळाचा चहा. ही वही संस्थेत असते, तिची दुसरी प्रत आमच्या गटाच्या पेटीत. नवीन काही कळलं की ताईही त्यात लिहितात. गेल्या महिन्यात त्यांनी लिहिलं, "आज रेडिओचा आवाज स्वतः कमी केला, रडला नाही." वहिनींनी ते पान आम्हाला दोनदा वाचायला लावलं.

आमच्या गटानं ठराव केलाय. दर महिन्याला एकीनं न कळवता तिथं जायचं. संस्थेनं त्याला हरकत घेतली नाही. उलट ताई म्हणाल्या, "तुम्ही येता म्हणून आमच्याही चुका लवकर दिसतात. ज्यांना कुणीच नाही अशा पाच जणांनाही भेटत जा." म्हणून आता आम्ही जातो ते त्या पाच जणांनाही भेटतो. एकीला टिकल्या आवडतात, तिच्यासाठी नेतो.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही असं कुणीतरी घरात असेल, मागच्या खोलीत असेल. आमचं तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. पुढच्या बैठकीत त्या आईला बोलवा. तिची वही लिहायला बसा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या मुलीला बसवा. आणि तुमच्या तालुक्यात अशी एखादी निवासी संस्था असेल, तर दोघीतिघी मिळून जाऊन या. काही देणगी नेली नाही तरी चालेल. पंगतीत बसून जेवा आणि नावं विचारा.

वहिनींना आत्ता आम्ही विचारलं, तुम्हाला काही बोलायचंय का. त्या म्हणतात, "मी असेपर्यंत मी जाईन. मी नसले तर या चौघी जातील, असं यांनी सगळ्यांसमोर सांगितलंय. आता रेडिओवर सांगितलंय, म्हणजे यांना फिरता यायचं नाही."

नाही फिरणार, वहिनी.